चिमूट

माझ्या धाकट्या चुलत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गाव त्याला मुका म्हणायचं, आम्ही पोरं आण्णा म्हणायचो. त्याला हाक मारून उपयोग नसायचा. जवळ असला तर पायानं जमीन दणकावायची, लांब असला तर टोपी हलवायची. मग तो मान वर करायचा आणि हसायचा. हसण्याचा आवाज चांगला खणखणीत होता. बैल हाकताना तोंडानं जो आवाज काढायचा, तो दोन शेतं पलीकडं जायचा. गळ्याला काहीच झालेलं नव्हतं. बंद होते ते कान. तरी नाव पडलं ते मुका.

आण्णाच्या हातासारखा हात मी पंचक्रोशीत दुसरा पाहिला नाही. घायपाताचा वाख मांडीवर घेऊन तो दोरी वळायला बसला, की पहिल्या वितीचा पीळ आणि शेवटच्या वितीचा पीळ एकच. कासरा, दावं, शिंकं, मुसकं, गोफण, सगळं त्याच्या बोटांतून निघायचं. आमच्याकडं बैलपोळा भादव्याच्या अवसेला असतो. त्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या ओट्यावर माणसांची रीघ लागायची. कुणाला म्होरकी पाहिजे, कुणाला माथोटी, कुणाला गोंडे. पेरणीला पाभरीमागं चाडं धरायलाही आण्णाच. बाजरीचा दाणा तो केवढासा, पण त्याच्या मुठीतून असा मोजून सुटायचा, की उगवून आल्यावर विरळणीला बायांना फारसं काम उरायचं नाही.

आणि हाच माणूस कागदापुढं आला, की अंगठा.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रस्त्याची, खडी फोडायची कामं निघाली होती. आण्णा जायचा. मस्टरवर नाव आणि नावापुढं अंगठा. एका हप्त्याला त्याचे दोन दिवस कमी लागले. दिवस मोजायला आण्णा करगोट्याला गाठी मारायचा. त्यानं गाठी दाखवल्या, बोटं दाखवली, छाती बडवली. मुकादम हसला. "लिहून दाव की," म्हणाला. वडील दुसऱ्या कामावर होते. ते येईस्तोवर पगार वाटून झाला होता. दोन दिवसांची मजुरी गेली ती गेलीच.

पुढं १९८८ साली घरात वाटण्या झाल्या. तेव्हाही त्याच्या वाट्याच्या कागदावर काय लिहिलंय हे त्याला कुणी समजावू शकलं नाही. वडिलांवर त्याचा विश्वास होता, म्हणून त्यानं अंगठा दिला. वडील सरळ माणूस, म्हणून त्याच्या वाट्याचं त्याला मिळालं. दोन्ही गोष्टी नशिबाच्या.

मी दहावीपर्यंत शिकलो. तेवढ्यावरही मला एक प्रश्न पडायचा. ज्या बोटांना बाजरीचा एक-एक दाणा सोडता येतो, त्या बोटांना 'अ' काढता येऊ नये? आजीला विचारलं. ती म्हणाली, "घातला व्हता की साळंत. मास्तर म्हणलं, ऐकू येत न्हाई तर लिवणार काय? आठ दिसांत घरी धाडला. मग गुरांमागं गेला." हे चाळीस-पंचेचाळीस सालच्या आसपासचं. बहिऱ्या मुलांची शाळा मुंबईत १८८० च्या दशकातच निघाली होती, हे मला फार नंतर समजलं. म्हणजे आण्णाच्या लहानपणी ती शाळा साठ वर्षांची जुनी होती. पण पाबळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती चंद्रावर असल्यासारखीच.

आण्णाच्या खुणा होत्या. गाईची वेगळी, म्हशीची वेगळी. डोक्याला हात फिरवून काखेत पिशवी धरल्यासारखं केलं की बाजार. कपाळावर बोट ओढलं की आमची आजी. पण त्या खुणा घरातल्याच. घराबाहेर कुणाला कळत नव्हत्या. आणि त्यांत 'उद्या' नव्हतं, 'का' नव्हतं. यात्रा चार दिवसांवर आली म्हणून सांगितलं, की हा त्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून तयार. मग हिरमुसला होऊन बसायचा. त्याच्या हातात कसब भरपूर होतं, पण त्या कसबाच्या जोडीला भाषा कुणी दिली नव्हती. लिहायचं म्हणजे काहीतरी सांगायचं. ज्याला शब्दच मिळाले नाहीत, तो कागदावर काय उतरवणार? आण्णा २००१ साली गेला. त्याच्या हातचं एक शिंकं अजून आमच्या आढ्याला आहे.

हे सगळं मी विसरलोही असतो. पण २०१४ साली माझ्या थोरल्याला मुलगी झाली आणि आण्णाचा हात पुन्हा डोळ्यांपुढं आला.

पोर गुटगुटीत, हसरी. पण सगळंच उशिरा. बसली उशिरा, चालायला लागली ती वीस महिन्यांची होऊन. बोलणं नाहीच. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काही पोरं उशिरा बोलत्यात." आमच्या मंडळींनी तिच्या मागं जाऊन ताट वाजवून पाहिलं. ताटाला ती वळली. आम्ही खूश. पण ते ताट वाजवणं फसवं असतं. पोर आवाजाला वळतं की हलणाऱ्या सावलीला, की जमिनीच्या हादऱ्याला, हे आपल्याला कळत नाही. शेवटी सूनबाईनं हट्ट धरला आणि पुण्याला नेली. पोरीला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून एक तपासणी करतात. तिला बेरा म्हणतात. कानात आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का, ते यंत्रावर पाहायचं. त्यात पोरानं काही सांगावं लागत नाही. दोन्ही कानांचं ऐकणं बरंच कमी आहे, पण अगदी शून्य नाही, असं निघालं.

डॉक्टरनं मला विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?" मी आण्णाचं सांगितलं. नात्यातली लग्नं झालीत का, तेही विचारलं. आमच्याकडं मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत होतीच. जवळच्या नात्यात लग्नं झाली, की असा जन्मजात बहिरेपणा येण्याची शक्यता वाढते. लहानपणीची कावीळ, मेंदूज्वर, आईला गरोदरपणात झालेला गोवरासारखा रुबेला, ही आणखी काही कारणं. ते म्हणाले, मूल महिन्याचं व्हायच्या आत कान तपासावा, तीन महिन्यांच्या आत निदान व्हावं आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावा. आमची दोन वर्षांची होत आली होती. आता २०१३ पासून सरकारचा बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची गाडी अंगणवाडीत येते, पोरं तपासते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी त्या दिवशी पोर घरी ठेवू नये. गाडीतल्या माणसांना आपल्या तोंडानं सांगावं, की ऐकण्याचं नीट बघा.

चालायला उशीर का झाला, तेही तिथंच उमगलं. आपल्या कानाच्या आत, हाडात, गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. तो ऐकण्याचा. त्याला लागूनच तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्या अंगाचा तोल सांभाळतात. दोघांचं घर एकच. त्यामुळं काही बहिऱ्या पोरांचा तोलाचा भागही कच्चा राहतो. सगळ्यांचा नाही, आण्णा विहिरीच्या काठावरून डोळे मिटून चालला असता. पण आमच्या नातीचा कच्चा होता. धड डुगडुगणाऱ्या पोराचं मनगट स्थिर कसं राहणार? जू हललं की तास वाकडाच पडतो.

कानातलं मशीन बसलं. पोर वाढते तसा कानही वाढतो, मग मशीनचा साचा ढिला होतो आणि शिट्टी मारतो. साचा बदलावा लागतो. घाम लागला की मशीन बिघडतं. सेल संपतात. हे सगळं सूनबाई शिकली. महिन्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं पुण्याला. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या आणि हाताचे व्यायाम सांगणाऱ्या दुसऱ्या.

पाचव्या वर्षी शाळेत घातली. दोन महिन्यांनी निरोप आला. पोरीचा हात जड आहे, पेन्सिल मुठीत धरते, अक्षर ओळीत बसत नाही, कागद फाटतो. पुढं एक वाक्य होतं, ते मला सुरीसारखं लागलं. "बुद्धीचंच काहीतरी असंल. उगा हट्ट करू नका."

मी ते वाक्य पुण्याच्या बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पोरीपुढं कागद ठेवला आणि गोल काढून दाखवला. तिनं काढला. फुली काढून दाखवली. तीही काढली, वाकडी. चौकोन जमेना. बाई म्हणाल्या, "गोल तिसऱ्या वर्षी येतो, फुली चौथ्या वर्षी, चौकोन साडेचार-पाचच्या आसपास, त्रिकोण पाचच्या पुढं. ही थोडी मागं आहे. पण बुद्धी चांगली आहे. हाताला अजून पेन्सिलीची वेळ आलेली नाही, आणि शाळेनं पेन्सिल हातात दिली. आधी चिमूट पक्की करा."

चिमूट. हा शब्द ऐकला आणि मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात आमच्या घरातला शब्द निघाला. अंगठा आणि तर्जनी समोरासमोर येणं, त्यात बारीक वस्तू पकडता येणं. मूल नऊ-दहा महिन्यांचं झालं की जमिनीवरचा चुरमुरा असा उचलायला लागतं. पेन्सिल धरायची ती त्याच चिमटीत, खाली मधल्या बोटाचा आधार देऊन. पण त्याच्या आधी खांदा, कोपर, मनगट मजबूत झालं पाहिजे. मोठे सांधे तयार झाले, की मग बोटं मोकळी होतात.

बाईंनी यादी दिली. कणीक मळायला द्या. मणी ओवायला द्या. कागद बारीक फाडायला द्या. कपडे वाळत घालायचे चिमटे दाबायला द्या. मी यादी वाचली आणि एसटीत बसल्या बसल्या मनातल्या मनात हसलो. मणी कशाला, आमच्याकडं कामांना काय तोटा? भुईमुगाच्या शेंगा फोडणं. मटकी निवडणं. लसूण सोलणं. चिंच फोडून चिंचोका काढणं. कांद्याचं रोप वाफ्यात लावणं, त्यात तर बोटानं भोक पाडायचं, चिमटीत रोप धरायचं आणि अंगठ्यानं माती दाबायची. आमच्या मंडळी देवाच्या वाती वळतात. लग्नसराईत गव्हले, नखुल्या करतात. कणकेचा तिळाएवढा तुकडा दोन बोटांत फिरवला की गव्हला होतो. त्याच्याइतका चांगला बोटांचा व्यायाम पुण्यातल्या कुठल्या खेळण्यात असेल असं मला वाटत नाही. रांगोळी तर चिमटीचंच काम. रेघ सोडायची, थांबवायची, वळवायची. अक्षर म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पोर कामाला लागली. पण इथंच आण्णा आडवा आला. ही सगळी कामं आण्णाला येत होती, आणि अंगठा काही सुटला नव्हता. नुसता हात तयार होऊन भागत नाही. हे मला आमच्या गावातल्या दुसऱ्या एका माणसामुळं आधीच माहीत झालं होतं.

पाबळ म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक मस्तानीची समाधी, दुसरा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरमध्ये मोठे संशोधक होते. ते सोडून १९८३ साली ते आमच्या या दुष्काळी गावात आले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरं ते गोळा करायचे. वेल्डिंग, विजेची कामं, शेती, जनावरं, पाणी तपासणं, स्वयंपाक. माणूस हातानं काम करता करता शिकतो आणि त्यानं त्याची बुद्धी वाढते, हा त्यांचा विचार. गावातले काही म्हणायचे, पोरांना मजूर करतोय. पण मी तिथं जाऊन पाहिलं आहे. काम झालं की पोराला त्याचं चित्र काढायला लागायचं, मापं लिहायला लागायची, माल किती लागला, खर्च किती आला याचा हिशेब मांडायला लागायचा. लोखंडी खुर्ची केली तर ती वहीतही उतरायची. २००३ साली कलबागसाहेब गेले, आश्रम चालू आहे. तिथं मला समजलं, की हाताच्या कामाला शब्द आणि आकडा जोडला की ते शिक्षण होतं. आण्णाला ती जोड मिळाली नव्हती.

योगायोग असा, की मुंबईत बांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली तीही १९८३ सालीच. एका बाजूला हाताचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला कानाचं. आमच्या पोरीला दोन्ही पाहिजे होतं.

मग आम्ही घरात नेम केला. प्रत्येक कामाला नाव द्यायचं. शेंग फोडायची तर शेंग तोंडाजवळ धरायची, पोरीनं तोंडाकडं बघेपर्यंत थांबायचं, 'शेंग' म्हणायचं, खूण करायची, मग पाटीवर लिहायचं. राख पसरून त्यात बोटानं लिहायचं. ताटात रवा घेऊन त्यात लिहायचं. लिहिताना अक्षर कुठून सुरू होतं आणि कुठं वळतं, हे तिला माझा हात बघून कळलं पाहिजे. म्हणून मी तिच्या समोर न बसता शेजारी बसायचो. समोर बसलं की अक्षर तिला उलटं दिसतं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एक गोष्ट करून पाहा. आरशापुढं उभं राहा आणि आवाज न काढता 'पाबळ' म्हणा. मग 'बाबळ' म्हणा, 'माबळ' म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. प, ब, म यांतला फरक गळ्यात आणि नाकात आहे, ओठांवर नाही. आणि 'ळ' तर आत टाळूपाशी, दिसतच नाही. जिला मशीन लावूनही अर्धंमुर्धंच ऐकू येतं, तिनं आपल्या गावाचं नाव कसं लिहावं? ऐकणारं पोर लिहिताना शब्द तोंडात घोळवतं. चुकलं तरी ऐकल्यासारखं चुकतं, 'पाणी'ला ऱ्हस्व वेलांटी देतं. आमची पोर डोळ्यांनी लिहायची. तिचं 'पाबळ' कधी 'बापळ' व्हायचं, कधी 'पाळब'. अक्षरं सगळी हजर, जागा चुकलेली. शाळेला वाटायचं, हिला काही येत नाही. खरं तर तिनं अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवलेला असायचा.

त्यात आपली लिपी. ऱ्हस्व वेलांटी बोलताना मागून येते, लिहिताना अक्षराच्या आधी काढायची. ऱ्हस्व-दीर्घ हे कानाचं गणित, ते डोळ्यांनी सोडवायचं. अनुस्वाराचा टिंब विसरला तरी ओठांवर काही फरक दिसत नाही. आणि वाक्यातले ने, ला, चा, त हे बारके प्रत्यय तर बोलण्यात असे पटकन निसटतात, की तिच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ती लिहायची, 'आजी भाकरी मी दे.' आजीनं मला भाकरी दिली, की मी आजीला दिली, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

शाळेतली सगळ्यात मोठी अडचण मात्र मला एक दिवस वर्गाबाहेर उभं राहिल्यावर दिसली. श्रुतलेखन चाललं होतं. नावातच 'ऐकून लिहिणं' आहे. शिकवणारा माणूस वर्गात फिरत शब्द सांगत होता, मध्येच फळ्याकडं तोंड करून सांगत होता. बाकीची पोरं खाली मान घालून लिहीत होती, कारण कानाला मान वर करावी लागत नाही. आमची पोर त्याच्या ओठांकडं बघायची, शब्द पकडायची, मान खाली घालून लिहायची. मान वर करीपर्यंत पुढचे दोन शब्द गेलेले. मग ती घाई करायची, अक्षर बिघडायचं, पेन्सिल दाबली जायची, कागद फाटायचा. हात जड म्हणत होते तो हा. डोळे एकच जोडी, आणि त्यांना कानाचंही काम आणि वहीचंही काम.

पुढच्या वर्षी वर्ग बदलला. नव्या बाईंना सूनबाईनं एवढंच सांगितलं: तोंड तिच्याकडं असू द्या, एक शब्द सांगितला की तिची मान वर येईपर्यंत थांबा, आणि शब्दाच्या जागी चित्र दाखवलं तरी चालेल. बाईंनी ऐकलं. खर्च काही आला नाही. कागद फाटणं महिन्याभरात थांबलं.

घरात भांडणं झाली नाहीत असं नाही. पाहुण्यांतले एक जाणते म्हणाले, "खुणा शिकवू नका, मग ती बोलायचीच न्हाई." दुसरे म्हणाले, "बोलायला कशाला शिकवता, खुणाच शिकवा." मी दोघांना आण्णाचं उदाहरण दिलं. खुणांनी त्याचं वाटोळं झालं नव्हतं. पुऱ्या खुणा मिळाल्या नाहीत म्हणून झालं होतं. बहिऱ्या माणसांची खरी सांकेतिक भाषा असते, तिला व्याकरण असतं, तिच्यात 'उद्या'ही असतो आणि 'का'ही. दिल्लीला २०१५ साली तिच्यासाठी सरकारी केंद्र झालं आहे. कॅनडात १९९१ साली संशोधकांना असं दिसलं, की आईबाप सांकेतिक भाषा बोलत असले तर त्यांचं बहिरं तान्हं मूल हातांनी बोबडं बोलतं, जसं आपलं मूल तोंडानं बा-बा मा-मा करतं. म्हणजे भाषा तोंडातून येते की हातातून, याची मेंदूला फिकीर नाही. ती वेळेवर आली पाहिजे एवढंच. आणि लिहिणं बोलण्याच्या मागूनच यावं असंही नाही. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से नावाचा एक मठातला साधू होता. सरदारघराण्यातली बहिरी मुलं त्याच्याकडं आली, तेव्हा त्यानं त्यांना वस्तू दाखवून आधी तिचं नाव लिहायला शिकवलं, बोलणं मागून आणलं. पोरीला तोंड, खुणा आणि लिहिणं, तिन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या असं आम्ही ठरवलं. ज्या वाटेनं तिला जमेल त्या वाटेनं तिनं यावं.

रोज संध्याकाळी एक वही लिहायची सवय लावली. दिवसात जे घडलं त्याचं आधी चित्र, खाली एक ओळ. वही दुरेघी, ओळी रुंद. गाय व्याली, मशीनचा सेल संपला, मामा आला. जे तिच्या डोळ्यांपुढं घडलं तेच लिहायचं, म्हणजे शब्दाला अर्थ चिकटलेला असतो. निसटलेला प्रत्यय सूनबाई लाल पेनानं खोडायची नाही. हिरव्या खडूनं मोकळ्या जागी घालायची. अक्षर सुंदर यावं असा हट्ट धरला नाही, वाचता यावं एवढाच धरला. मोत्यासारखं अक्षर म्हणून टाळ्या घेणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या मोत्यांत सांगण्यासारखं काही नसतं, तेही पाहिलं आहे.

मागच्या वर्षी कांद्याला पाणी चालू होतं. मी बाजाराला गेलो होतो, थोरला कंपनीत. लाईट दुपारी कधी येईल, कधी जाईल, भरवसा नाही. लाईट आली की मोटर चालू करायची म्हणून मी घाईघाईनं परत आलो आणि स्टार्टरच्या पेटीला हात घातला. पेटीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं:

'आबा मोटर मी बंद. पाईप फुटला. चालू नाही.'

ओळ डोंगर चढल्यासारखी वर गेली होती. 'ट'चं पोट फुगलं होतं. पण शिरोरेघ धड होती, एकही अक्षर जागा सोडून नव्हतं. खाली जाऊन बघतो तर पाइपाचा सांधा निखळलेला, आणि ताज्या लावणीच्या दोन वाफ्यांच्या कडेला पाण्याचं डबकं. मी बटण दाबलं असतं तर दोन्ही वाफे रोपांसकट वाहून गेले असते. पोर तोवर दुपारच्या शाळेला निघून गेली होती. ती तिथं नव्हती, मी तिथं नव्हतो, आणि तरी तिनं मला सांगितलं होतं.

शाळेतून आल्यावर मी तिला शेतावर नेलं. तिनं खडू घेतला. मी 'बंद'च्या पुढं बोट ठेवलं, तिनं थोडा विचार करून 'केली' लिहिलं. 'चालू'च्या पुढचं 'नाही' तिनं आपणच हातानं पुसलं आणि 'करू नका' लिहिलं. 'का'चा काना जरा लांबला, दाराच्या फटीपर्यंत गेला. मग तिनं खडू फ्रॉकला पुसला आणि पाइपाचा सांधा धरायला माझ्या आधी खाली उतरली.